यंत्र वाजत नसल्याबाबत

"ताई, कागद टाकू नका बरं. कागदाला सेल लागत नस्तो."

नेत्रशिबिरातला सटवाजी कंपाउंडर असं म्हणाला तेव्हा सुमंगला हसली होती. हसली म्हणजे शिकलेली माणसं अडाण्याच्या सल्ल्यावर हसतात तशी, ओठ न उघडता. तिच्या पर्समध्ये डिजिटल डायरी होती. जिच्या पर्समध्ये डिजिटल डायरी आहे तिनं फुलस्केप कागद जपून ठेवायचा, म्हणजे दारात स्कूटर उभी करून बैलगाडीची वाट बघण्यासारखं होतं.

गावाचं नाव सांगायची सोय नाही, कारण ज्यांच्यामुळं पुढचं सगळं घडलं ते बन्सीधरराव अजून अर्ज करण्याच्या वयात आहेत. परभणीहून येलदरीला जाणारी एसटी जिथं दहा मिनिटं थांबते असं कंडक्टर सांगतो आणि प्रत्यक्षात चहा संपेपर्यंत थांबते, ते तालुक्याचं गाव, एवढं पुरे. त्या गावात पाण्याच्या टाकीखालची ती टाकीची गल्ली. साल एक्क्याण्णवचं, म्हणजे अगदी अलीकडचंच.

डायरी मस्कतहून आली होती. सुमंगलाच्या धाकट्या दिरानं वहिनीसाठी आणलेली. हाताच्या पंजाएवढी, काळी, पानाच्या डब्यासारखी उघडायची. वर राखाडी काच, खाली मुगाच्या दाण्याएवढी बटणं. नावं, पत्ते, तारखा, फोन नंबर सगळं पोटात ठेवायची आणि सांगितल्या वेळेला वाजायची. सुमंगलाच्या ओळखीत फोन असलेली माणसं चार, त्यातले दोघे एकाच नंबरवर. त्यामुळं फोनचं काम पहिल्याच दुपारी संपलं. पण तारखांना तोटा नव्हता. तिची बी.ए.ची परीक्षा नामांतराच्या आंदोलनात दोनदा पुढं गेली होती. तेव्हापासून तारीख म्हटलं की ती लिहून ठेवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. त्यात आता पदरात तीन वर्षांची कावेरी. कावेरीचे डोस, कावेरीचा ताप, कावेरीनं फ्रॉकचं बटण गिळल्याची तारीख आणि ते बटण परत मिळाल्याची तारीख, असं सगळं तिनं एकेक मूग दाबत यंत्रात भरलं होतं.

"एवढं तर आमच्या पाटबंधारे खात्यात धरणाचं लिहून ठेवत नाहीत," असं तिचा नवरा काशीनाथ म्हणायचा. तो त्याच खात्यात कारकून होता, तेव्हा खरंच असेल.

तर शिबिर. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या धुरपताबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धुरपताबाई एकट्या, पोरगा पुण्याला कंपनीत. डावा डोळा आधीच गेलेला. उजव्यावरच सगळी भिस्त. डॉक्टर बाहेरगावचे, तंबू गुंडाळून निघून गेले, आणि जाताना सहा आठवड्यांचा कागद देऊन गेले. लाल टोपणाचं औषध आणि पांढऱ्या टोपणाचं औषध. लाल आधी दिवसातून सहा वेळा, मग हळूहळू कमी करत न्यायचं. कोणत्या आठवड्यात कोणतं, किती वाजता, किती थेंब, ते सगळं त्या कागदावर. एकदम बंद केलं तर डोळा सुजणार आणि जास्त झालं तरी वाईट. मधेच एका आठवड्यात पांढरं बंद, पुढच्यात परत चालू. तो कागद बनवणाऱ्या माणसानं आयुष्यात रेल्वेचं वेळापत्रक तरी केलं असावं.

"आणा इकडं, मी बघते," सुमंगला म्हणाली. सगळे सहा आठवडे तिनं दोन दुपारी खपून यंत्रात चढवले. कागदाची कावेरीला होडी करून दिली. होडी संध्याकाळी पाण्याच्या बंबात गेली आणि काशीनाथची आंघोळ त्यावर झाली.

यंत्राचा आवाज मात्र बेताचाच. स्वयंपाकघरात फोडणीपुढं ऐकू यायचा नाही. म्हणून सुमंगलानं यंत्र पितळी तांब्यात उभं करून खिडकीत ठेवलं. तेव्हापासून सकाळी सहाला टाकीच्या गल्लीत जे वाजायला लागलं, ते थेट कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू जायचं. टीटी-टीटी, टीटी-टीटी. वाजलं की सुमंगला कढई उतरवून, कावेरीला काखेत मारून, धुरपताबाईंकडं पळायची.

गल्लीनं लगेच मतं दिली. न मागता दिली.

"अगं सुमंगला," समोरच्या कमलबाई ओट्यावरून म्हणाल्या, "तुझ्या तांब्यात रातकिडा शिरलाय का काय? अन् ह्या रातकिड्याला दिवसा कामून कंठ फुटायलाय?"

"औषधाची वेळ सांगतं ते, काकू."

"आमच्या वेळंला सासू सांगायची. तिलाबी बंद करायचं बटन नव्हतं."

सासरे गोविंदराव, निवृत्त शिक्षक, यांनी यंत्र हातात घेऊन, उलटं करून, वास घेऊन मत दिलं, "विद्या आहे. पण अक्षर सुधारणार नाही हिच्यानं."

एकट्या धुरपताबाई खूश होत्या. "वाजलं की माजा डोळा आपसूक उघडतोय बग. यंत्र हाय का सून हाय? न्हाई, सून नसंल. सून येवढ्या टायमावर येत न्हाई."

आणि मग बन्सीधरराव. बन्सीधरराव तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. शाळा निजामाच्या काळात उर्दूतून झालेली, त्यामुळं साधा अर्जसुद्धा ते 'दरखास्त' म्हणून करायचे आणि फाईलला 'मिसल' म्हणायचे. नळ, कुत्री, लाउडस्पीकर, टाकीवर बसणारी कबुतरं, सगळ्यांविरुद्ध त्यांच्या दरखास्ती नगरपालिकेत पडून होत्या. दुसऱ्या आठवड्यात सुमंगलाच्या हातात शिपायानं नोटीस दिली. विषय: टाकीची गल्ली येथील यंत्राच्या वारंवार वाजण्याबाबत. सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.

सुमंगलाच्या माहेरी-सासरी मिळून सात पिढ्यांत कुणाला नोटीस आली नव्हती. पदवीधर बाई, म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यासाठी धडपडते, आणि तिला खुलासा! रागानं तिचे कान तापले. रागातच ती बसली आणि यंत्र समोर ठेवून तिनं पाचपानी खुलासा लिहिला. यंत्र का वाजतं, कुणासाठी वाजतं, आणि पहिल्या आठवड्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या टोपणासाठी वाजेल, याचा तक्ताच जोडला. म्हणजे कळू दे एकदा पालिकेला, शिकलेल्या माणसाशी गाठ आहे.

आवक-जावकचा कारकून चंद्रभान यानं पानं मोजली आणि भला माणूस म्हणून सांगितलं, "वहिनी, एक प्रत तुमच्याजवळ असू द्या."

"माझ्याजवळ मूळच आहे," सुमंगला पर्सवर थाप मारून म्हणाली. ओठ न उघडता हसली.

यानंतर खंडेनवमी आली.

खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा. गोविंदरावांनी पाट मांडला. विळी, कात्री, कुऱ्हाड, शिलाई मशीनची मूठ, काशीनाथच्या सायकलचा पंप, दोन पोथ्या. सुमंगला धुरपताबाईंकडं पुरण द्यायला गेली होती. गोविंदरावांची नजर खिडकीतल्या तांब्यावर गेली. विद्या ती विद्या, मग ती मस्कतची का असेना. त्यांनी यंत्र काढून पोथीवर उघडं ठेवलं. फुलानं पाणी शिंपडलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि ओलं गंध, सरस्वती आहे म्हणून जरा जास्त, नेमकं बटणांवर. तेवढ्यात चार वाजले आणि यंत्र वाजलं.

गोविंदराव हात जोडून म्हणाले, "पावली!"

आणि कृतज्ञतेनं त्यांनी आणखी एक पळी पाणी सोडलं.

सुमंगला धावत आली तेव्हा यंत्राचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. काचेवर अक्षरं होती, पण त्यांच्यावरून एक ओलसर ढग चालला होता. "मामंजी, हे काय केलंत!" असं ती म्हणाली नाही. सासऱ्यांना कसं म्हणणार? ती एवढंच म्हणाली, "छान झाली पूजा." मग यंत्र पदराआड धरून स्वयंपाकघरात गेली आणि विज्ञानाला अनुसरून तिनं ते वाळवायला घेतलं. ओलं कुठं राहू नये म्हणून मागचं झाकण उघडलं, आतले दोन्ही सेल काढले, एकेक पुसला आणि सगळं गच्चीवर पापडांच्या चादरीवर उन्हात ठेवलं. कावळ्यांवर लक्ष ठेवायला कावेरीला बसवलं, आणि कावेरीवर लक्ष ठेवायला स्वतः बसली.

तासाभरानं सेल घातले. काच उजळली. सुमंगलाच्या जिवात जीव आला. काचेवर तारीख होती: एक जानेवारी. साल एका पिढीमागचं. बाकी कोरं. कावेरीचं बटण नाही, धुरपताबाईंचा डोळा नाही, काही नाही.

चालू आठवड्याचं तिला तोंडपाठ होतं. ते ती घड्याळ बघून करत राहिली. पण चार दिवसांनी आठवडा बदलणार होता. पाचवा आठवडा. त्यात लाल किती आणि पांढरं कधी? तिनं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला तर तिला फक्त बंबातली होडी दिसली.

गावातल्या डॉक्टरांकडं गेली. ते म्हणाले, "ऑपरेशन ज्यांनी केलं त्यांचा कागद आणा. दुसऱ्याच्या डोळ्यात मी अंदाजानं थेंब सोडत नसतो." सटवाजी शिबिरासोबत कुठं गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं, कुणी म्हणे चारठाण्याला, कुणी म्हणे आंध्रात.

दसऱ्याच्या संध्याकाळी सगळी गल्ली आपट्याची पानं घेऊन हिंडत होती. बन्सीधरराव आले. सुमंगलाच्या हातावर सोनं ठेवून, घसा साफ करून म्हणाले, "सुमंगलाताई, सणाचा दिवस हाय. दिलात काय ठेवायचं नाही. उद्या सकाळी दफ्तर उघडलं की फौरन दरखास्त मागं घेतो."

"कशाला, राहू द्या हो," सुमंगला शिष्टाचारानं म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं. शिष्टाचारानं म्हटलेलं हे तिच्या आयुष्यातलं सर्वांत खरं वाक्य होतं, पण ते दोघांनाही कळलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं की या यंत्राचे इतर मालक गाठायचे. त्यांना काहीतरी युक्ती माहीत असेल. काशीनाथनं चौकशी केली, तर अख्ख्या तालुक्यात डिजिटल डायरीचे मालक तीनच निघाले. एक सुमंगला. दुसरे कापडवाले किशनराव. तिसरा येलदरीच्या वीजघरातला एक तरुण इंजिनिअर.

किशनरावांनी यंत्राचं नुसतं नाव ऐकताच गादीवरून उठून स्वागत केलं. "लय भारी चीज, वहिनी! अव्वल! मी तर सगळ्यांना सांगतो, घ्यायची तर हीच घ्या. दिमाग चालवावा लागत नाही."

"तुम्ही काय काय ठेवता तिच्यात?"

"सगळं!"

"म्हणजे?"

"म्हणजे... आता घरच्यांनी ती चांदीच्या भांड्यात ठेवली. कपाटाला कुलूप. किल्ली त्यांच्याजवळ. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला निघंल." जरा थांबून त्यांनी विचारलं, "चालू कुठून करायची असती, तुमाला माहीत हाय का?"

सुमंगलानं बटण कुठं असतं ते सांगितलं आणि कावेरीला घेऊन येलदरीची एसटी पकडली. वाटेत कावेरी दोनदा ओकली. पूर्वी ती तारीख यंत्रात गेली असती.

इंजिनिअर सज्जन होता. यंत्र हातात घेऊन झाकण उघडलं, वास घेतला.

"गंध?"

"सासऱ्यांनी पूजा केली."

"पाण्यानं काही बिघडलं नव्हतं, ताई. हा एक मोठा सेल, हा एक छोटा. एक काढला तर दुसरा आठवण सांभाळतो. दोन्ही एकदम कुणी काढले?"

सुमंगलानं खिडकीबाहेर धरण बघितलं. धरण चांगलं मोठं होतं. "काढले कुणीतरी," ती म्हणाली.

दोन दिवस ती मनातल्या मनात सासऱ्यांवर रुसली होती आणि मामंजी बिचारे अपराध्यासारखे न सांगता भाजी निवडत होते! पदवीधर बाईनं विज्ञानाला अनुसरून स्वतःच घात केला होता.

"तुमचं यंत्र कसं चालतं?" तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"उत्तम." इंजिनिअरनं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली डायरी काढली. "मी फार भरत नाही." त्यानं उघडून दाखवली. आत एकच नोंद होती: वही — कपाटात, वरचा कप्पा.

एसटीत परतताना सुमंगला रडणार होती. मोठ्या कष्टानं तिनं रडू आवरलं होतं, आणि तेवढ्यात कंडक्टरनं कुणाच्या तरी सामानाची पावती फाडून दिली आणि कार्बनखालची प्रत स्वतःकडं ठेवली. प्रत. सुमंगला ताडकन उठून उभी राहिली आणि तिचं डोकं वरच्या फळीवर आपटलं. खुलासा! पाच पानांचा खुलासा! सहाही आठवडे, टोपणांसह, तिच्याच अक्षरात, नगरपालिकेत!

दुसऱ्या दिवशी ती चंद्रभानच्या टेबलापुढं उभी होती. उद्या सकाळी सहाला पाचवा आठवडा सुरू होणार होता.

"वहिनी, अभिनंदन," चंद्रभान म्हणाला. "बन्सीधररावांनी काल अर्ज मागं घेतला. तुम्ही सुटलात."

"मला सुटायचं नाही! मला माझा खुलासा द्या."

"फाईल बंद झाली. रेकॉर्डला गेली. बंद फाईल अशी हातात देता येत नाही."

"माझंच अक्षर आहे ते. मला फक्त बघून उतरवून घ्यायचंय."

"तुम्ही गैरअर्जदार. प्रकरण चालू असतं तर हक्कानं बघितली असती. आता प्रकरणच नाही, तर तुम्ही गैरअर्जदारसुद्धा नाही." हे तो दुःखानंच म्हणाला. "त्याच अर्जदाराचा त्याच विषयावर नवा अर्ज आला, तर जुनी फाईल वर काढून जोडावी लागते. तसा नियमच आहे."

आता कुणी आपल्याविरुद्ध तक्रार करावी म्हणून कुणाच्या दारात जातं का? सुमंगला गेली. बन्सीधरराव ओट्यावर पेपर वाचत होते.

"काका, माझ्यावर तक्रार करा."

बन्सीधररावांनी चष्म्यावरून बघितलं. "परवा सोनं दिलं, अन् आज दरखास्त? लोक काय म्हणतील?"

तिनं सगळं सांगितलं. गंध सांगितलं, सेल सांगितले, होडीसुद्धा सांगितली. एवढ्यात कमलबाई समोरच्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि भाजी निवडत गोविंदरावही दारात आले होते. सेल आपणच काढले हे सुमंगलानं सगळ्यांदेखत सांगितलं. गोविंदरावांच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली, पण त्यांची पाठ चार बोटं सरळ झाली.

बन्सीधरराव गंभीर झाले. "ताई, करायला हरकत नव्हती. पण मी हयातीत झूठ दरखास्त केलेली नाही. यंत्र वाजतं म्हणून तक्रार होती. आता ते वाजतच नाही. मग शिकायत कशाची करू?"

हा खराच पेच होता. तेवढ्यात पलीकडच्या घरातून धुरपताबाईंचा आवाज आला, "अगं सुमंगले, आज लय येळ झाला का गं? वाजलं न्हाई म्हून कळंना."

आणि कमलबाई म्हणाल्या, "मग वाजत न्हाई ह्याचीच करा की तक्रार! आता चांगलं सवयीचं झालतं. आठच्या टीटीला मी दूध चुलीवर ठिवायची अन् भाकरी थापायला बसायची. तीन दिस झाले, रोज दूध उतू जायलंय."

"माझं पारायण चारच्या घंटेला सुरू व्हायचं," गोविंदराव म्हणाले.

गिरणीवरून दळण घेऊन चाललेली बाई थांबली आणि म्हणाली, तिची पोरगी अकराच्या टीटीला शाळेत निघायची. काल मास्तरांनी अंगठे धरून उभं केलं.

सगळ्यांनी बन्सीधररावांकडं बघितलं. बन्सीधररावांनी पेपराची घडी केली, मग घडीची घडी केली.

"माझी बी.पी.ची गोळी," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "अकराला घ्यायची असते. आधी नेहमी विसरायचो. हे यंत्र वाजायला लागल्यापासून एक दिवस चुकली नाही. परवापासून... घेतलीच नाही."

"आधी गोळी घ्या काका!" सुमंगला ओरडली. तिनं स्वतः पाणी आणून दिलं. गोळी गिळून बन्सीधरराव आत गेले आणि टाक, दौत आणि फुलस्केप घेऊन बाहेर आले. बॉलपेननं ते अर्ज करत नसत. त्यांचा चेहरा तहसिलीत असताना असायचा तसा झाला होता.

विषय: टाकीची गल्ली येथील यंत्र वाजत नसल्याबाबत.

"महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून दरखास्त सादर करण्यात येते की, सदर यंत्र पूर्वी वारंवार वाजत असल्याने त्रास होता. परंतु आता ते मुळीच वाजत नसल्याने त्याहून जास्त त्रास आहे. दूध उतू जाणे, मुलांस शाळेस उशीर होणे, तसेच वयोवृद्ध रहिवाशांची औषधे चुकणे असे प्रकार घडत असून, एका वृद्ध स्त्रीचा एकुलता एक डोळा धोक्यात आहे. तरी यापूर्वीची मिसल फौरन वर काढून, गैरअर्जदार बाईस तिचा खुलासा दाखवावा व यंत्राच्या ऐवजी योग्य तो बंदोबस्त व्हावा, ही विनंती."

वाचून दाखवल्यावर कमलबाई म्हणाल्या, "माजी पण सही घ्या." मग सगळ्यांचीच घ्यावी लागली. एकोणीस सह्या आणि तीन अंगठे झाले. तिसरा अंगठा धुरपताबाईंचा. तो कागदावर टेकवताना त्या म्हणाल्या, "बगा नीट लावा. मला काय दिसतंय का?"

साडेचारला बन्सीधरराव स्वतः नगरपालिकेत गेले. मागं सुमंगला, तिच्या काखेत कावेरी, मागं कमलबाई, आणि सगळ्यांत मागं पिशवीत मेथी घेऊन गोविंदराव. चंद्रभाननं विषय वाचला. परत वाचला. "वाजत *नसल्या*बाबत?"

"साफ लिहिलंय," बन्सीधरराव म्हणाले. "मारा शिक्का."

चंद्रभाननं शिक्का मारला. त्याच्या नोकरीतला एवढ्या जोराचा शिक्का तोच असावा. रेकॉर्डरूममधून लाल दोऱ्यात बांधलेली फाईल आली आणि तिच्यातून पाच पानं निघाली. सहाही आठवडे! लाल, पांढरं, तारखा, वाजायच्या वेळा, सगळं तिच्याच संतापलेल्या अक्षरात. संताप होता म्हणून अक्षर ठळक होतं. सुमंगला बाकावर बसून उतरवायला लागली. पाच वाजले, शिपाई कुलूप घेऊन उभा राहिला. चंद्रभान म्हणाला, "थांब रे. सरकारी काम चालू आहे." तिनं चार प्रती काढल्या आणि चंद्रभाननं चारींच्या कोपऱ्यावर शिक्का मारून दिला. एक स्वतःला, एक धुरपताबाईंच्या दाराला, एक कमलबाईंना, आणि एक बन्सीधररावांना, माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी.

पुढील कार्यवाही दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुरू झाली. ओट्यावर उभं राहून बन्सीधररावांनी पितळी ताट आणि पळी घेतली आणि सगळी गल्ली जागी होईल असं बडवलं. "सहा! लाल टोपण! एक थेंब! पांढरं आज बंद!"

यंत्र नुसतं वाजायचं. हे वाजून सूचनाही द्यायचं. अकराला ताट वाजायचं तेव्हा कमलबाई ओट्यावरून ओरडायच्या, "अन् तुमची गोळी, काका?" पाचवा आठवडा गेला, सहावा गेला. एक थेंब चुकला नाही.

दिवाळीच्या आधी शिबिराची माणसं चष्मे घेऊन परत आली. सोबत सटवाजीही होता. सुमंगलाला बघताच त्यानं विचारलं, "ताई, कागद हाय का?" सुमंगलानं पर्स उघडून गल्लीतून गोळा केलेल्या चारही प्रती त्याच्या हातावर ठेवल्या, कोपऱ्यावर नगरपालिकेचा शिक्का मारलेल्या. सटवाजीनं ओठ उघडून, दात दाखवून, पुरेपूर हसून घेतलं. तेवढा हक्क त्याचा होता.

डॉक्टरांनी डोळा तपासला. "फार छान. कुणी घातले थेंब?" टाकीच्या गल्लीतली जी जी माणसं तिथं उभी होती त्यांनी सगळ्यांनी एकदम "मी" म्हटलं.

मग धुरपताबाईंच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा बसला. त्यांनी हळूच मान फिरवली. आधी सुमंगलाकडं बघितलं. "अगंबाई, येवढीशीच हायस व्हय तू? वरडण्यावरनं चांगली थोराड वाटली होतीस." मग बन्सीधररावांकडं बघितलं, बराच वेळ. "अन् ह्यो बन्सी येवढा म्हातारा कवा झाला? कुणी ध्यान देतंय का न्हाई ह्याच्याकडं?"

सगळे हसले. बन्सीधररावही हसले.

मस्कतहून दिराचं पत्र आलं: वहिनी, यंत्र कसं चाललंय, मित्राला घ्यायचंय, तुमचं मत कळवा. सुमंगलानं अंतर्देशीय पत्रावर कळवलं: यंत्र उत्तम आहे. फक्त सोबत एक गल्ली लागते. ती डब्यात मिळत नाही.

पुढच्या जूनमध्ये काशीनाथची बदली सोनपेठला झाली. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा ओट्यावर अकराचं ताट वाजत होतं. यंत्र आता कावेरीकडं आहे. ती त्यात बाहुलीला निजवते. सुमंगलानं दोनशे पानी वही केली आहे, आणि ती वही कुठं ठेवली आहे ते दुसऱ्या वहीत लिहिलं आहे. धुरपताबाईंची काळजी नाही. त्या आता समोरच्या ओट्यावरचे हरभरे मोजून सांगतात. पण गेल्या आठवड्यात चंद्रभानचं कार्ड आलं. खुशाली लिहून खाली सहज एक ओळ: तीन महिने झाले, बन्सीधररावांची एकही दरखास्त आलेली नाही.

सुमंगलानं तो कार्डाचा कोपरा दहा वेळा वाचला आहे. कमलबाई यंदाच्या दिवाळीपासून लेकीकडं असतात. मग अकराला ताट वाजवणाऱ्याला गोळीची आठवण कोण करून देतं?

येलदरीच्या एसटीनं तुम्ही कधी जाल, आणि कंडक्टर दहा मिनिटं म्हणेल, तेव्हा उतराच. वेळ पुरतो. पाण्याच्या टाकीखाली डावीकडची गल्ली, गिरणीपासून तिसरा ओटा. काही विचारू नका, विचारलेलं त्यांना आवडत नाही. नुसती एक सायकल त्यांच्या दारासमोर आडवी लावा आणि थांबा. ते बाहेर येऊन ओरडले, कुणाची आहे ही सायकल, दरखास्त करीन म्हणाले, तर आधी गोळी घेतली का ते विचारा, आणि मग सोनपेठला सुमंगलाला एक कार्ड टाका. नाही ओरडले, तर कार्ड टाकत बसू नका. आत जा.